दहाव्या वर्षाची पुडी

सुमन,

तेरावं झालं, आपला लेक बाळू भिलाईला परत गेला, आणि कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरात मी, तुझी लोखंडी ट्रंक आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला तो पत्र्याचा डबा, एवढेच उरलो. तुझ्या साड्या तुझ्या बहिणीनं नेल्या. डब्याला कोणी हात लावला नाही. मी लावू देत नव्हतो आणि स्वतःही लावत नव्हतो. का, ते तुला माहीत आहे. बाकीच्यांना आज सांगतो.

तुझी विद्यार्थिनी वंदना म्हणाली, युनिव्हर्सिटीतला फिजिक्सचा विभाग तुझ्यावर अंक काढतो आहे. शिकलेले लोक बाईंच्या संशोधनावर लिहितील, काका, तुम्ही घरचं लिहा. मी म्हटलं, चौथी शिकलेला बॉयलरवरचा फिटर काय लिहिणार. ती म्हणाली, बाईंशी बोलत होता तसंच लिहा. ते जमेल. कागदावर 'मले'चं 'मला' करायला तूच मला शिकवलं, म्हणून लिहिताना तसं लिहितो. बोललो ते मात्र जसं बोललो तसंच ठेवीन.

आपलं लग्न झालं तेव्हा तू मॅट्रिक पास होतीस. आमच्या घरात माग होता, बाप लुगडी विणायचा. आईला वाटलं, सून आली, आता सुताच्या कांड्या भरायला माणूस झालं. तू भरल्यास, पण मांडीवर पुस्तक ठेवून. सूत भरून कांडीबाहेर जायचं तरी तुझा हात थांबायचा नाही. आई शेजारणीला सांगायची, हिच्या कांडीत गुंता निघते अन् गुंत्यात अक्षरं निघतात. तुला कॉलेजात घालतो म्हटलं तेव्हा आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मी मोठा तोऱ्यात होतो. बायकोला शिकवतो म्हणून गल्लीत छाती काढून चालायचो. तू सायन्स कॉलेजातून पहिल्या वर्गात निघालीस, मग एम.एस्सी. झालीस, मग तिथंच शिकवायला लागलीस, आणि मला गल्लीत लोक विचारू लागले, तुम्ही कितवी शिकले जी? मग छाती आपोआप आत गेली.

तुला स्वयंपाक येत नव्हता, हे छापायला हरकत नाही. वरण बुडाला लागायचंच. आणि हीच बाई प्रयोगशाळेतल्या भट्टीचं तापमान दिवसभर एका अंशानं इकडचं तिकडं होऊ देत नाही, असं तुझे विद्यार्थी सांगायचे. मी म्हणायचो, मग आमच्या वरणानं काय पाप केलं? तू म्हणायचीस, वरणावर पेपर छापत नाहीत.

तुझं काम मला कसं कळलं ते लिहितो, कारण ते मला कळलं होतं हे विभागातल्या कोणाला खरं वाटणार नाही. तू क्षारांवर काम करायचीस. खायचं मीठ नव्हे, पण मी मीठच म्हणायचो. त्या मिठावर एक्स-रे सोडायचे, मग ते अंधारात तापवायचं, तापलं की ते उजेड देतं. किती तापल्यावर किती उजेड आला, ते मशीनचं पेन कागदावर काढत जातं. कागदावर टेकडी उठते. मी विचारलं, मिठात उजेड शिरला कुठून? तर तू बापाच्या मागाकडे बोट दाखवलंस.

"ताणा-बाणा असते ना तसं आत सगळं ओळीनं बसलेलं असते. एखाद्या जागी धागाच नाही. तिथं ते अडकून बसते. ऊब देल्ली की सुटते."

मी म्हटलं, "म्हणजे जिथं दोष तिथं माल?"

तू हसलीस आणि हो म्हणालीस. आता आमच्या बापाची गोष्ट अशी की गांधीबागेतला व्यापारी लुगडं उजेडासमोर धरायचा, तुटका धागा शोधायचा आणि पैसे कापायचा. बाप मान खाली घालून उभा राहायचा. मी तुला बोललो, "आमच्या बापाचे दोषापायी पैसे कापले गेले, अन् तुले दोषाचाच पगार मिळून राहिला." हे वाक्य तू दुसऱ्या दिवशी तुझ्या सरांना सांगितलंस. आमच्या घरच्यांना एम.एस्सी.च्या पोरांपेक्षा लवकर कळलं, असंही म्हणालीस. ते मला बाहेरून कळलं. घरी तू असलं काही बोलत नव्हतीस.

आता पुडीचं.

ती उन्हात मी ठेवली. सुमननं नाही. मी.

अठरा वर्षं झाली. तुझी पीएच.डी. शेवटाला आली होती. मिठावर एक्स-रे सोडून ते ठेवून द्यायचं आणि महिन्या-महिन्यानं बघायचं की आतला उजेड किती विरला, असं ते काम होतं. एक्स-रेचं मशीन तुमच्या शेजारच्याच खोलीत. तिथं पुड्या ठेवल्या तर मीठ पुन्हा किरणं पिणार, म्हणून तू पुड्या घरी आणून ट्रंकेत ठेवायचीस. काळ्या कागदात बांधलेल्या सहा पुड्या. पाच तपासून झाल्या होत्या. सहावी वर्षभराची होती, तिच्यावर प्रबंध अडला होता, आणि प्रबंधावर रीडरची जागा. मुलाखतीला चार महिने होते.

श्रावणात झड लागली. ट्रंकेमागची भिंत ओलावली. पाचव्या दिवशी कडक ऊन पडलं, तू कॉलेजात, माझी पाळी दुपारची. गरम कपडे वाळवायला म्हणून मी ट्रंक उघडली तर पुडीचा काळा कागद ओला होऊन फाटायला आलेला. आत मीठ. मीठ ओलं झालं तर माणूस काय करतो? आई छपरावर तुरीची डाळ घालून बसली होती. मी तिच्या सुपाशेजारी ताटलीत तुझं मीठ पसरलं. त्या दिवशी पाळीवर गेलोच नाही, राखण करत बसलो, चिमण्या हाकल्या. चार वाजता मीठ खडखडीत वाळलं. काळा कागद गेला होता म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेत बांधलं, दोरा गुंडाळला. कांडीवर गुंडाळतात तसा, एकावर एक नीट.

तू आल्यावर मीच सांगितलं. कौतुक करशील असं वाटलं होतं.

तू ओट्यावर बसलीस. चप्पल पायातच होती. विचारलंस, "किती वेळ होतं उन्हात?"

"दहापासून चारपर्यंत. चांगलं वाळलं."

"मधात ढग आले होते?"

"एकबी नाही. मी बसलोच होतो तिथं."

तू पिशवीतून वही काढलीस आणि लिहून घेतलंस. मला वाटलं, लिहून घेतलं म्हणजे बरंच झालं. चहा ठेवायला गेलो. आईनं खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही. चहा घेऊन आलो तर तू वही मिटून तशीच बसलेली. मग तू सांगितलंस, काळा कागद कशासाठी असतो ते. वर्षभराचा उजेड सहा तासांत उन्हानं काढून नेला होता आणि मी तिथं बसून त्याला पहारा दिला होता.

तू रडली नाहीस. मला वाटतं तू रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुझे गाईड सर तुला सगळ्या विभागासमोर बोलले. संसार आणि संशोधन एकाच ट्रंकेत ठेवलं की असंच व्हायचं, म्हणाले. तू सांगितलंस, माझा निष्काळजीपणा झाला सर. संध्याकाळी हे ऐकल्यावर मी बूट घालायला लागलो. सरांचं घर रामदासपेठेत, सायकलनं वीस मिनिटं. जाऊन सांगणार होतो, बाईनं नाही केलं, मी केलं, मले बोला.

"अजी, बसा," तू म्हणालीस.

"पण ठेवली मी."

"तुम्ही मीठ वाळवलं. मीठ तर कोणीबी वाळवते. पुडी माह्या ताब्यात होती. ज्याच्या ताब्यात त्याची चूक."

"खोटं काहून सांगायचं?"

"तुमचं नाव घेतलं तर ते म्हणतील, घरचे बाईले काम करू देत नाहीत. अन् मले कॉलेजात कोणी घातलं?"

मी बूट काढले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम. मीठ वाळवलं ते नाही. ते न कळून केलं. बूट काढले ते कळून काढले.

त्या वर्षी जागा दुसऱ्याला मिळाली. तू पुन्हा मीठ तयार केलंस, पुन्हा वर्षभर थांबलीस. आपलं भांडण मात्र संपलं नाही. मी दर दिवाळीला म्हणायचो, सरांना फराळ द्यायला जातो आणि सांगून येतो. तू म्हणायचीस, फराळ द्या, बाकी तोंड फराळातच ठेवा. अठरा दिवाळ्या मी चिवडा देऊन परत आलो. सर म्हणायचे, छान झालाय. आई विचारायची, बोलला का? मी म्हणायचो, चिवडा आवडला.

आणि एक गोष्ट तुझ्यातली, जी मला आजपर्यंत पुरती समजली नाही. नासलेली पुडी मी असतो तर नाल्यात फेकली असती. तू ती आठवड्यानं भट्टीवर लावलीस. म्हणालीस, नासली तर कशी नासली ते तर पाहू. मोठी टेकडी खाली बसली होती ते अपेक्षितच होतं. पण तिच्या अलीकडे एक छोटी टेकडी होती, पहिल्या दोन महिन्यांतच विरून गेलेली, ती परत उभी राहिली होती. उन्हानं आतला माल नुसता काढून नेला नव्हता, एका जागेचा काही दुसऱ्या जागी नेऊन ठेवला होता. त्या छोट्या टेकडीवर तू पुढची पंधरा वर्षं घातलीस. किती मिनिटं ऊन, कोणत्या रंगाचा उजेड, कोणतं मीठ. परदेशातून पत्रं यायची. मला कधी म्हणाली नाहीस की तुमच्यामुळे. पण श्रावणात ऊन पडलं की दारातून निघताना विचारायचीस, "आज काही वाळवायचं आहे का?" आणि माझं उत्तर न ऐकता बस गाठायचीस.

तुझ्या बरोबरचे सगळे मला आठवतात. एक अमेरिकेला गेले, तिथून मोटारीजवळ उभे राहून काढलेले फोटो पाठवायचे. एकांनी परीक्षेची गाईडं लिहिली आणि दुमजली घर बांधलं. एक विभागप्रमुख झाले आणि मग त्यांनी फायलीशिवाय कशाला हात लावला नाही. चांगली माणसं होती, कोणाला नावं ठेवत नाही. तू मिठाजवळ राहिलीस. रीडर झालीस, उशिरा. प्रोफेसरच्या जागेची जाहिरात यंदा निघणार होती म्हणतात. निघाली तरी मी आता वाचणार नाही.

आपण कोराडीला राहायला आलो त्या वर्षी तू एक पुडी बांधलीस. दहा वर्षं उघडायची नाही म्हणालीस. सर म्हणाले होते, नागपूरच्या उन्हाळ्यात दहा वर्षांनी तिच्यात मिठाशिवाय काही उरणार नाही. तू म्हणालीस, निम्म्याहून थोडं जास्त उरेल. तसं वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलंस. पत्र्याच्या डब्यात कापूस, कापसात काळ्या कागदाची पुडी, झाकण मेणानं बंद. ट्रंक मधल्या खोलीत, जिथं ऊन येत नाही. दहा वर्षं मी त्या ट्रंकेच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. कोळशाची राख घरभर यायची, सगळं पुसायचो, ट्रंक नाही.

दहा वर्षं या वैशाखात भरली. तू चैत्रातच गेलीस.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी शुद्धीवर आलीस तेव्हा मला वाटलं, आता बाळूचं काही सांगशील, नाहीतर माझ्या बीपीच्या गोळ्यांचं. तू म्हणालीस, "वैशाखात पुडी वंदनाले देजा."

मी म्हटलं, "तिलेच घरी येऊन घ्यायले सांगतो."

"नाही. तुम्ही नेजा. सकाळच्या बसनं." आणि मग, "उन्हातून नका नेऊ, अजी."

नर्सला कळलं नाही दोघं म्हातारे का हसले.

तर परवा मी पुडी नेली. डबा जसाच्या तसा तीन खणांच्या टिफिनमध्ये बसवला, भोवती कापूस, वरून ओला गमछा. पहिली बस. सावलीच्या बाजूनं बसलो. पण कोराडीचा रस्ता सरळ नाही, वळण आलं की ऊन पलीकडून येतं, मी उठून पलीकडच्या सीटवर. तीन वेळा उठलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, टिफिनमध्ये काय साप हाय का?"

"मीठ आहे."

"मिठाले एवढं काय जपून राहिले?"

"दहा वर्षं जुनं आहे, बापा."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तिकीट मागितलं नाही. मीच आठवण करून दिली. पुढे एक कोळशाचा ट्रक आडवा झाला होता, बस अडकली. आठ वाजले, साडेआठ वाजले. खिडकीची सळई हाताला चटका देऊ लागली. मला पाणी प्यायचं होतं ते मी गमछ्यावर ओतलं. सुमन, मी तीस वर्षं बॉयलरवर काम केलं, उष्णतेला कधी भ्यालो नाही. परवा भ्यालो. दुसऱ्यांदा तेच माझ्या हातून झालं असतं तर सांगायलाही तू नव्हतीस, आणि पाठीशी घालायलाही नव्हतीस.

वंदना विभागाच्या फाटकात छत्री उघडून उभी होती. सर पण आलेले. रिटायर होऊन किती वर्षं झाली, काठी घेऊन चालतात, पण त्या पुडीची तारीख त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहून ठेवली होती. मला म्हणाले, पाहू या तुमच्या बाई काय म्हणतात.

डार्करूममध्ये एकच लाल दिवा. वंदनेनं मला तुझ्या स्टुलावर बसवलं. तिनं मेण काढलं, पुडी उघडली, चिमटीभर मीठ भट्टीच्या थाळीवर ठेवलं. मग लाल दिवाही घालवला. बाहेरच्या खोलीत रेकॉर्डरचं पेन असतं, तिकडे सर उभे राहिले. मला फक्त पेनाचा आवाज येत होता. आधी काहीच नाही. कागद नुसता सरकतो आहे. मला तुझी शपथ, मी तेवढ्या वेळात मनातल्या मनात हजारदा त्या अडकलेल्या बसमध्ये बसलो, हजारदा ते पाणी ओतलं. मग पेन खरखरलं आणि खरखरत राहिलं.

वंदनेनं दिवा लावला, मला घेऊन बाहेर आली, तुझा दहा वर्षांपूर्वीचा कागद शेजारी लावून पट्टीनं मोजलं. पुन्हा मोजलं. सरांनी चष्मा पुसून स्वतः मोजलं. शेवटी मीच विचारलं, काय उरलं?

"निम्म्याहून थोडं जास्त," वंदना म्हणाली.

सर काठीवर टेकून कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाईंचं बरोबर होतं. माझं नव्हतं." शिकलेल्या माणसानं, तेही गाईडनं, हे असं उभ्यानं म्हणणं मोठी गोष्ट आहे. ती मी इथं छापायला लावणार आहे. तू ऐकलं असतंस तर वर पाहिलं नसतंस, पुढची पुडी लावली असतीस. मी मात्र वर पाहिलं. माझी छाती कितीतरी वर्षांनी पुन्हा बाहेर आली.

आणि तेव्हाच मी बोललो. बूट पायातच होते.

"सर, सहाव्या पुडीचं मीठ उन्हात मी घातलं होतं. सुमननं नाही. तिनं तुमच्यापाशी सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. बोलायचं होतं ते मले बोलायचं होतं."

सरांनी पट्टी उचलून पुन्हा कागदावर लावली. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या माणसाला बोललो."

"हाव जी. आता बोला."

"आता काय बोलू? अठरा वर्षं चिवडा खाल्लाय मी तुमचा." ते खुर्ची ओढून बसले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तिला सांगायला हवं होतं मी, की त्या छोट्या टेकडीसारखं काम माझ्या हातून झालं नाही. मनात होतं. राहून गेलं."

दोघंही वेळेवर सांगायचं राहिलेले, एका टेबलाशी बसून चहा प्यालो.

वंदना तुझी वही घेऊन आली. नमुना कोणी आणला, त्या रकान्यात सही करायची होती. मी केली. मग तिला म्हटलं, जुनी वही काढ, सहाव्या पुडीची. ती कपाटातून काढून आणली. तुझं अक्षर होतं. पुडी सहावी. ऊन सहा तास, ढग नाही. कारण, निष्काळजीपणा. खाली तुझी सही.

मी पेन मागितलं. वंदना घुटमळली. म्हणाली, काका, प्रयोगाच्या वहीत नंतर काही लिहीत नाहीत. बाईंनीच शिकवलंय. सर म्हणाले, दे त्यांना.

सुमन, तुझं एक अक्षर खोडलं नाही. तुझ्या सहीखाली एक ओळ रिकामी होती, तिथं तीस वर्षं बॉयलरच्या लॉगबुकात जसं लिहायचो तसं लिहिलं. नमुना माह्या हातानं उन्हात ठेवला. राखण करायले मीच बसलो होतो. खाली माझी सही, आणि परवाची तारीख.

'माझ्या' लिहायला हवं होतं, हे बाहेर आल्यावर ध्यानात आलं. राहू दे. ते मीच लिहिलं आहे हे लोकांना कळेल.